जित्या माणसाचा फोटो

मला एका जागी बसवत नाही. झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान चालवणाऱ्या बाईला हा स्वभाव परवडत नाही, पण आहे तो आहे. बोर्ली पंचतनच्या बाजारात एक गाळा, त्यात झेरॉक्स मशीन, प्रिंटर, कॉम्प्युटर आणि मी. सातबारा काढून द्यायचा, आधारचा पत्ता बदलायचा, कॉलेजच्या पोरांचे अर्ज भरायचे. सर्व्हर डाऊन झाला की गिऱ्हाइकं माझ्याकडे अशी बघतात, जणू मीच वायर तोडली. तेवढा वेळ समोर नुसता निळा स्क्रीन. तो बघून बघून वीट आला, तेव्हा एका दुपारी मी तिथे नवऱ्याचा फोटो लावला.

नवरा मालवाहू जहाजावर असतो, खाली इंजिनात. फोटो मात्र जमिनीवरचा, आगरदांड्याच्या धक्क्यावरचा. माझं माहेर मुरूडकडचं. लग्नानंतरच्या पहिल्या सणाहून परत येताना आम्ही दिघीच्या बोटीची वाट बघत उभे होतो. मी मागून हाक मारली, त्याने वळून बघितलं, केस वाऱ्याने उभे, ओठ हसायच्या बेतात. तेवढ्यात मी फोटो काढला. त्यानंतरच्या इतक्या वर्षांत त्याचे बरेच फोटो काढले, पण त्यात तो उभा राहतो तो पासपोर्ट ऑफिसात उभा राहिल्यासारखा.

फोटो उभा आणि स्क्रीन आडवा. पहिल्यांदा लावला तर कपाळच कापलं गेलं. ताणून बसवला तर नवरा पुरीसारखा फुगला. आणखी एक पर्याय दाबला, तर तो लहान होऊन ओळीने सगळीकडे उमटला. लाइट बिल भरायला आलेली बाई म्हणाली, एकाला सांभाळताना नाकी नऊ येतात, तुला एवढे कशाला. शेवटी त्याला मधोमध उभा केला, दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या राहिल्या. सगळे फोल्डर डावीकडच्या पट्टीत ढकलले, त्याच्या अंगावर एकही येऊ दिला नाही. अर्ज भरून झाला, खिडकी मिटली की मागे तो. मला फार बरं वाटायचं.

सासूबाई दुकानात सहसा फिरकत नाहीत. एका शुक्रवारी बाजाराला आल्या, तेव्हा सकाळीच माझ्याकडे टेकल्या. माझी पूजा नुकतीच झाली होती. पूजा म्हणजे गणपतीपुढे उदबत्ती लावायची, ती मशीनांवरून ओवाळायची आणि प्रत्येक मशीनवर एक फूल. ज्याच्यावर पोट चालतं त्याला फूल. शुक्रवारी फुलाऐवजी झेंडूचा हार. कॉम्प्युटरचा हार मी स्क्रीनच्या माथ्यावरून सोडला होता, खाली टेबलावर उदबत्तीचा धूर निघत होता.

सासूबाईंनी काय पाहिलं, ते त्यांचा चेहरा बघून मला कळलं. काळ्या पट्ट्यांच्या मधे त्यांचा एकुलता एक मुलगा, वर हार, खाली उदबत्ती. मी ते सगळं तोवर एकत्र पाहिलंच नव्हतं. त्यांनी भाजीची पिशवी खाली टाकली आणि हार ओढून काढला.

"जित्या माणसाला हार घालतीस? काढ त्यो फोटो."

आमच्या घरात भिंतीवर एकच फोटो आहे, सासऱ्यांचा. जित्या माणसांचे फोटो अल्बममध्ये, अल्बम कपाटात आणि कपाटाची चावी सासूबाईंच्या कमरेला. मी म्हटलं, अहो आई, ही भिंत नाही, कॉम्प्युटर आहे, आणि हार मशीनला घातलाय, ह्यांना नाही. त्यांच्यासमोर मी नवऱ्याला 'अहो' म्हणते, फोनवर 'अरे'. त्या म्हणाल्या, डोळ्याला जे दिसतं ते दिसतं. माझ्याही नाकाला मिरची झोंबली. दुकान माझं, नवरा माझा. हार काढून ठेवीन, फोटो काढणार नाही, असं मी सांगून टाकलं. हात दाखवून अवलक्षण, एवढं बोलून त्या पिशवी उचलून गेल्या.

पुढच्याच आठवड्यात नवऱ्याचे मेसेज बंद झाले.

जहाजावर नेट कधी असतं, कधी नसतं, हे मला माहीत आहे. पण नेट जाणार असेल तर तो आधी सांगून ठेवतो. या वेळी काही नाही. मी टाकलेल्या मेसेजपुढे एकच टिक, दुसरी उमटेना. जहाज कुठे आहे ते दाखवणारी एक वेबसाइट आहे, त्यात जहाजाचं नाव टाकलं की नकाशावर बाण दिसतो. बाण होता, पण जुन्या जागेवर. शेवटचा सिग्नल कधीचा, ते खाली लिहिलेलं असतं आणि ते रोज आणखी जुनं होत होतं. मी कुणाच्या तरी उत्पन्नाच्या दाखल्याचा अर्ज भरता भरता मधेच तो नकाशा उघडायची. गिऱ्हाईक विचारायचं, ताई, हा कुठला तालुका? बेलापूरला, त्याला जहाजावर पाठवणाऱ्या एजंटच्या ऑफिसात फोन लावला. तिथली मुलगी म्हणाली, जहाज व्यवस्थित आहे मॅडम, काळजी करू नका. व्यवस्थित आहे हे तुला कशावरून कळलं, असं मी विचारलं. तिने थोडा वेळ होल्डवर ठेवून तेच वाक्य पुन्हा सांगितलं.

मन चिंती ते वैरी न चिंती. शकुन-अपशकुन मानणाऱ्यांची मी आयुष्यभर थट्टा केली आणि आता स्क्रीनजवळ उदबत्ती न्यायला माझा हात धजेना. पूजा फक्त झेरॉक्स मशीनची आणि प्रिंटरची होऊ लागली. मग एके दिवशी फोटोच काढून टाकला. निळा स्क्रीन परत आला आणि आता तर मीच त्याला पुसून टाकल्यासारखं झालं. चहा ठेवला, तो न पिताच शटर अर्धं ओढून एसटी स्टँडपर्यंत चालत गेले, तिथे काही काम नव्हतं, परत आले. आणि फोटो पुन्हा लावला. त्या दिवशी हे असं मी कितीदा केलं, ते सांगायची लाज वाटते.

सासूबाईंनी 'सांगितलं होतं ना' असं एकदाही म्हटलं नाही. म्हणाल्या असत्या तर भांडता आलं असतं. त्याऐवजी त्या रोज जेवण उरकून दुकानात यायला लागल्या. प्लास्टिकच्या स्टुलावर बसायच्या आणि स्क्रीनकडे बघत राहायच्या. एखाद्या अर्जामागे मुलगा झाकला गेला की त्यांची चुळबूळ सुरू व्हायची. काम संपलं की लगेच मिटव ते, म्हणायच्या. फोटो काढ, असं मात्र परत म्हणाल्या नाहीत.

फोन आला तेव्हा दुकानात आम्ही दोघीच होतो. व्हिडिओ कॉल होता. दोघींना दिसावं म्हणून मोबाइल कॉम्प्युटरला टेकवून उभा केला. नवरा बोलत होता, आवाज मागे, चित्र पुढे. जहाजावरची नेटची यंत्रणा बिघडली होती. वाटेत समुद्री चाच्यांच्या धोक्याचा पट्टा होता, तिथून जाताना ठावठिकाणा सांगणारा सिग्नलही बंद ठेवतात. आता जहाज बंदराला लागलंय, सगळे ठीक आहेत. मी ऐकत होते आणि रडत होते आणि त्याला शिव्याही देत होते.

सासूबाई पुढे वाकल्या. वर धक्क्यावरचा तो वाऱ्यात उभा, खाली मोबाइलमध्ये गालफडं बसलेला, पांढऱ्या दाढीचा, कपाळावरून केस मागे हटलेला एक माणूस. उरलेले केसही पांढरेच. त्यांनी खाली बघितलं, वर बघितलं, पुन्हा खाली बघितलं.

"कोन हाय ह्यो?" त्यांनी मला विचारलं.

तो बोलता बोलता थांबला. मग म्हणाला, "आई, मी."

मला माहीत होतं. घरी येण्याआधी तो पनवेलला उतरतो, सलूनमध्ये जाऊन केस काळे करून घेतो आणि मगच बोर्लीची एसटी पकडतो. जहाजावरून व्हिडिओ कॉल केला तर डोक्यावर टोपी असते. या वेळी घाईत टोपी राहिली. सासूबाईंनी त्याचा पांढरा केस कधी पाहिलाच नव्हता. त्या त्याच्याशी खूप बोलल्या, जेवतोस का विचारलं. फोन ठेवल्यावर स्क्रीनकडे बोट करून म्हणाल्या, "त्यो काढ आता. त्या पोराची वाट बघत बसलो आपन. येनारा ह्यो हाय."

इतके दिवस मीही त्याच पोराची वाट बघत होते.

फोटो काढला, पण त्याजागी लावायला आत्ताचा एकही नव्हता. तो समुद्राचे पाठवतो, जहाजावरच्या जेवणाचे पाठवतो, स्वतःचा कधी नाही. मी मेसेज टाकला, तुझा आत्ताचा फोटो पाठव. दुसऱ्या दिवशी आला. मी तो कॉम्प्युटरवर मोठा करून उघडला. दाढी गुळगुळीत केलेली, केस कुळकुळीत काळे, मान खांद्यावरून मागे वळवलेली, धक्क्यावर वळवली होती तशीच. रंग कुणा सोबत्याकडून घाईत लावून घेतला असावा, कारण कानाच्या वर कातडीवर त्याचा काळा डाग राहिला होता. आईने ओळखलं नाही, ते त्याला किती लागलं असेल, हे मला तेव्हा कळलं. दया आली आणि रागही आला.

सासूबाई स्टूल पुढे ओढून अगदी जवळून बघत होत्या. डागावर त्यांनी बोट ठेवलं.

"त्याला म्हनाव, धुवून टाक ते," त्या म्हणाल्या. "मी वळखीन."

मी ते जसंच्या तसं टाइप करून पाठवलं. दुसरी टिक लगेच आली. उत्तर काही येईना, आणि आम्ही दोघी मोबाइलकडे बघत बसलो.