ब्रेकबाईचा उजवा पाय

आमची ही गाडी चालवायला शिकवते. शिकाऊ माणूस स्टिअरिंगवर आणि ही शेजारच्या सीटवर. तिच्या पायाशी तिचा स्वतःचा वेगळा ब्रेक. समोरच्याने घोटाळा केला रे केला, की ही दाबते. त्या एका ब्रेकवर आमचं घर चाललं, लेक शिकली, आणि शहरातली निम्मी माणसं आज हातीपायी धड आहेत ती माझ्यामुळेच, असं तिचं म्हणणं. शिकणारे तिला पाठीमागे ‘ब्रेकबाई’ म्हणतात. तिला ते ठाऊक आहे आणि आवडतंही, पण तसं कबूल करायची नाही.

मी गणिताचा मास्तर, आता घरी बसलेला. लग्नानंतर मीही तिच्याकडेच गाडी शिकलो. ती शिकवणी एकदाची संपावी म्हणून जीव तोडून लायसन मिळवलं आणि नंतर ती गाडीत असताना स्टिअरिंगला हात लावला नाही. संसार टिकवायचा तर काही पथ्यं पाळावी लागतात.

तर हिचा उजवा खुबा गेला. एका दिवसात नाही. आधी गाडीतून उतरताना दार धरायला लागली, मग जिना टाळायला लागली, मग पायात मोजा मी चढवून द्यायला लागलो. "दुखतंय का?" विचारलं की खेकसायची, "तुमचं डोकं!" आणि एका सकाळी बाजाराच्या कोपऱ्यावर तिचा ब्रेक क्षणभर उशिरा लागला. गाडी कचऱ्याच्या डब्याला घासली. कुणाला खरचटलंही नाही. पण ही घरी आली, किल्ली टेबलावर ठेवली आणि म्हणाली, "डब्याच्या जागी पोर असतं तर? पाय वेळेवर जात नसेल तर मी त्या सीटवर बसणार नाही."

त्या सीटवरून उठलेली ही मला कल्पनेतही दिसेना.

डॉक्टरांनी फोटो बघितला. सांध्याचा गोळा आणि वाटी, दोन्ही झिजलेली. सांधा बदलायचा, म्हणाले, आणि ऑपरेशन रोबोटच्या मदतीने करू. झालं! ही खुर्चीत सरसावून बसली.

"म्हणजे चालवणार तो, आणि तुम्ही शेजारी बसणार?"

"चालवणार म्हणजे…"

"अहो, मी आयुष्यभर शेजारी बसले आहे. शेजारी बसून काय काय बघावं लागतं ते मला विचारा. त्याचा हात बसलाय का? किती जणांवर शिकलाय?"

मी टेबलाखालून तिला चिमटा काढला. तिने तो मलाच परत दिला.

डॉक्टर मात्र भला माणूस. हसला आणि म्हणाला, "उलटं आहे बाई. चालवणार मीच. आधी स्कॅन काढून तुमच्या सांध्याचा नकाशा करायचा, वाटी कुठे आणि किती तिरकी बसवायची ते ठरवायचं. मग हत्यार रोबोटच्या हाताला लावलेलं, पण ते धरून फिरवणार मी. ठरलेल्या हद्दीबाहेर जायला लागलो, तर तो हात मला अडवतो. पुढे जाऊच देत नाही."

ही मांडीवर थाप मारून म्हणाली, "अगंबाई! म्हणजे शिकाऊ तुम्ही, आणि ब्रेकबाई तो!"

डॉक्टर, नर्स, मी, सगळे हसलो. ही एकटी गंभीर होती. "मग माझी हरकत नाही," म्हणाली. "दुसरा ब्रेक असलेल्या गाडीत मी डोळे मिटून बसते."

ऑपरेशन छान झालं. दुसऱ्याच दिवशी वॉकर धरून उभी राहिली, आणि व्हरांड्यात चालायला नेली तर चालायच्या ऐवजी शिकवायलाच लागली. समोरून वॉकर घेऊन येणाऱ्या आजोबांना म्हणाली, "मधोमध नका चालू, आपली बाजू धरा." एका बाईंना, "वळायच्या आधी मागे बघा!" व्यायाम करून घेणारी मुलगी शेवटी कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "मावशी, इथे शिकाऊ तुम्ही." आयुष्यात पहिल्यांदा हिला कुणीतरी गप्प केलं. त्या मुलीला मी ढीगभर आशीर्वाद मनातल्या मनात दिले.

इथवर सगळी मजा होती. घरी टॅक्सीने निघालो. ही पुढच्या सीटवर, सीट मागे रेललेली. एक सायकल आडवी आली आणि ही सवयीप्रमाणे ब्रेक दाबायला पाय उचलायला गेली. टॅक्सीत तिच्या पायाशी ब्रेक नाही, हे सोडा. पाय उचललाच गेला नाही. जागेवर नुसता थरथरला. टॅक्सीवाल्याने गाडी थांबवली, सायकल निघून गेली, त्याला काही कळलंही नाही. मला कळलं. हिने माझ्याकडे वळून बघितलं नाही.

घरी आल्यावर म्हणाली, "संपलं हो."

"स्नायूत जोर यायला वेळ लागतो म्हणून सांगितलंय ना त्यांनी! सांधा उत्तम बसलाय."

"सांधा बसलाय. मीही बसलेय."

असली हरलेली भाषा मी तिच्या तोंडून कधी ऐकली नव्हती. मला तिचा राग आला आणि रडूही आलं. मी स्वयंपाकघरात जाऊन भांडी जरा जास्तच आपटली.

पण व्यायाम तिने चुकवला नाही. पलंगावर पडून, मग खुर्चीला धरून, मग काठी घेऊन गल्लीच्या टोकापर्यंत. हळूहळू काठी दाराआडच राहायला लागली. मोजा स्वतः घालायला लागली आणि मी उगाच मदतीला गेलो तर हातावर चापट बसायला लागली. एक दिवस डॉक्टरांनी पाय सगळीकडून वळवून पाहिला आणि म्हणाले, "बसा गाडीत."

घरी आल्यावर मी म्हटलं, "बोलव मग शिकणाऱ्यांना."

"दुसऱ्याच्या लेकरावर प्रयोग करू? आधी खात्री हवी. मला ब्रेक न दाबणारा माणूस हवाय."

आणि तिने माझ्याकडे बघितलं.

सकाळी शाळेमागच्या मोकळ्या मैदानात तिने रिकाम्या खोक्यांची भिंत रचली. मी स्टिअरिंगवर, ही शेजारी. "सरळ खोक्यांवर जायचं. काहीही झालं तरी तुम्ही ब्रेक दाबायचा नाही. मी बघते."

मी निघालो. खोकी जवळ यायला लागली. हिच्याकडे बघायची छाती होईना. आता लागेल, आता लागेल, म्हणेपर्यंत खोकी तोंडाशी आली. मी डोळे घट्ट मिटले आणि ओरडलो.

गाडी जोराचा हिसका खाऊन बंद पडली.

डोळे उघडले. खोकी जागच्या जागी उभी होती.

ही समोर बघत होती. आवाज अगदी बारीक. "खरं सांगा. मला बरं वाटावं म्हणून तुम्हीच दाबलात ना?"

मी तोंड उघडलं, पण मला खरंच आठवेना. भीतीने मी काय केलं होतं, देव जाणे! म्हणून मी खाली बघितलं. तिनेही वाकून बघितलं.

माझा पाय ॲक्सिलरेटरवर होता. नुसता होता असं नाही, मी तो तळापर्यंत दाबून धरला होता.

"अहो!" ती किंचाळली. "तुम्ही वेग वाढवलात? खोकी समोर दिसत असताना?" आणि मग हसायलाच लागली. हसता हसता रडली, माझा हात घट्ट धरून. "एवढं करूनही थांबवली मी. थांबवली हो मी!"

"थांबवलीस," मी म्हटलं. आणि ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला.