मोरिता-सानच्या वहीतलं रविवारचं पान

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. मुलाला नाही, सुनेला नाही. बायकोच्या फोटोसमोर रोज सकाळी उभा राहतो, दिवसभराचं सगळं तिच्या कानावर घालतो — तिलासुद्धा हे सांगितलं नाही. जिवंत असती तर तिने तोंड बघूनच ओळखलं असतं. फोटोचं एक बरं असतं.

माझं शिक्षण चौथीपर्यंत. पिंपरीच्या एका फाउंड्रीत तीस वर्षं काढली. साचे तपासायचे आणि तपासलेल्या साच्यावर खडूने फुली मारायची, हे माझं काम. कदमची फुली म्हणजे साचा बघितलेला, असं साहेब लोकसुद्धा म्हणायचे. न बघता खडू मी एकदाही टेकवला नाही. हे तुम्हाला आधीच का सांगतो? बढाई म्हणून नाही. म्हणजे — बढाई आहेच थोडी. पण पुढचं कळायला ते लागेल.

बायको गेल्यावर मुलाने, नितीनने, मला इकडे आणलं. टोकियोत, ओजिमाला. मोठमोठ्या सरकारी इमारती, खाली सायकलींची रांग, आणि कचरा कुठल्या वारी कुठला टाकायचा याचा दाराला लावलेला कागद — तो मला वाचता येत नाही. स्टेशनची पाटी वाचता येत नाही. दुकानातल्या पुडीत मीठ आहे की साखर, तेही नाही. साठ वर्षांनी परत अडाणी झालो. पण कुणाला विचारायचं नाही, हा स्वभाव. दोनदा साखर म्हणून मीठ आणलं आणि चहा तसाच प्यालो.

खालच्या बाकावर मोरिता-सान भेटले; सान म्हणजे आपलं ‘राव’. तळमजल्यावर एकटे राहायचे. माझ्यापेक्षा चारेक वर्षांनी मोठे, डोक्याला कायम निळी टोपी. ती त्यांच्या बेसबॉलच्या टीमची. त्यांना मराठी नाही, मला जपानी नाही. पण हरणाऱ्या टीमचा माणूस ओळखायला भाषा लागते का? मी त्यांच्या खोलीत सामने बघायला जाऊ लागलो. आणि लागलं की हो मला ते वेड! क्रिकेट बघितलेल्या माणसाला काय, चेंडू आणि फळी पुरते. एकेका बाजूने नऊ डाव खेळायचे, एका डावात तिघं बाद झाले की संपला डाव. बाकीचं मोरिता-साननी बोटाने दाखवलं.

टीम मात्र — काय सांगू! हरायचं कसं हे शिकायला बाकीच्यांनी यांच्याकडे शिकवणी लावावी. आघाडी घ्यायची आणि सातव्या-आठव्या डावात पिचरने, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याने, सगळं ओतून टाकायचं. मी मराठीत शिव्या घालायचो. मोरिता-सानना अर्थ कळायचा नाही, चव कळायची; ते खो खो हसायचे. आणि मी चपला शोधायला लागलो की माझी बाही धरून म्हणायचे, "कदम-सान, मादा, मादा." अजून आहे, अजून आहे. शेवटचा गडी बाद होईपर्यंत त्यांनी कधी टीव्ही बंद केला नाही.

त्यांची एक वही होती. प्रत्येक सामना त्यात लिहायचे, चेंडू-चेंडू. अशा वह्यांनी एक कपाट भरलेलं. पानावर चौकटी, प्रत्येक चौकटीत शंकरपाळ्यासारखा बारीक चौकोन. फलंदाज जितका धावला तितक्या कडा लाल पेन्सिलीने गिरवायच्या. तीन चेंडू हुकून किंवा नुसतं बघत उभा राहून बाद झाला तर काळ्या पेन्सिलीने इंग्रजी ‘के’ काढायचा. आणि चेंडू थेट प्रेक्षकांत मारला, म्हणजे होमरन, आपला सिक्सर म्हणा — तर अख्खा शंकरपाळा लाल. मला त्यांनी ते शिकवलं. दोन महिन्यांत शिकलो. या देशात मला वाचता येणारा तेवढा एकच कागद होता. किती मिरवलं मी ते घरात!

त्यांचा लाडका खेळाडू एकोणसाठ नंबरचा. अठराव्या वर्षी टीममध्ये आला, आता वय झालेलं, वर्षभर बाकावरच बसून. हे त्याचं शेवटचं वर्ष. मोरिता-सान त्याला ‘आमचा मुलगा’ म्हणायचे. त्यांना एक मुलगी आहे, ती लांब राहते, तिला बेसबॉलचं काही नाही.

शरद ऋतू लागता लागता मोरिता-सानच्या पोटाचं ऑपरेशन ठरलं. नेमकं रविवारी. शनिवारी त्यांनी मला आणि केतकीला, म्हणजे सुनेला, बोलावून घेतलं. वही दोन्ही हातांनी पुढे केली, वर दोन पेन्सिली. केतकी म्हणाली, "बाबा, ते म्हणतायत, उद्या दुपारची मॅच तुम्ही लिहा. एवढ्या वर्षांत एकही पान कोरं नाहीये म्हणे."

मी म्हणालो, "त्यांना सांग, कदम लिहितोय म्हणजे बघून लिहितोय."

हेच शब्द. तिने ते तसेच्या तसे जपानीत सांगितले. त्यांनी मान वाकवली.

रविवारी मी घरी एकटाच टीव्हीसमोर बसलो. सगळे बाहेर गेले होते. सलग नऊ सामने हरलेली टीम, पण त्या दिवशी पाच धावांनी पुढे. एकोणसाठ नंबरलाही खेळवलं होतं. मी टोकदार पेन्सिलीने एकेक चौकट भरत होतो. मग आठवा डाव आला. पिचरने वाईट चेंडू टाकून चौघांना फुकट पुढे सोडलं. दुसरा पिचर आला, त्याने तर पहिल्याच चेंडूवर मार खाल्ला. एकाने सोपा चेंडू उचलून भलतीकडेच फेकला. लिहिता लिहिता माझा हात दुखला — समोरच्यांच्या नऊ धावा! नऊ! आणि आमचे खेळाडू गुडघ्यावर हात ठेवून उभे. मला काय झालं कुणास ठाऊक. म्हणजे ठाऊक आहे. मला वाटलं, हे मलाच हसतायत. या वयात, परक्या देशात, मी कुणाच्या हरण्याचं कुंकू लावून बसलोय? मी टीव्ही बंद केला.

वही समोर उघडी होती. आमचा आठवा डाव आणि दोघांचा नववा, एवढंच राहिलेलं. पाचावर आटोपलेली टीम आता काय दिवे लावणार? मी पेन्सिल घेतली आणि भरून टाकलं. हा बाद, तो बाद. नवव्या डावात दोन बाद, आणि शेवटचा गडी म्हणून एकोणसाठ नंबर. त्याच्या चौकटीत मी काळा ‘के’ काढला. चांगला, रेखीव ‘के’.

न बघता फुली मारली मी. तीस वर्षांत जे केलं नाही, ते.

सोमवारी सकाळी नितीनने बातम्या लावल्या. चहा माझ्या हातात होता. टीव्हीवर आमच्या टीमचं मैदान. नववा डाव, दोन बाद, निम्मं मैदान रिकामं, राहिलेली माणसं मात्र उभी राहून त्याचं गाणं म्हणतायत. एकोणसाठ नंबरने बॅट फिरवली आणि चेंडू डावीकडच्या प्रेक्षकांत. तो हळू धावत होता, टोपी काढून, रडत. त्याच्यानंतरचा गडी बाद झाला, टीम हरलीच. पण लोक जागचे हलले नव्हते.

नातीच्या कंपासपेटीत खोडरबर होतं. लाल पेन्सिल माझ्याकडे होती. एक ‘के’ खोडायचा, एक शंकरपाळा रंगवायचा, पुढे एक चौकट भरायची — किती वेळाचं काम? रबर हातात घेऊन मी बसलो. पण खोडलेलं दिसतं हो. मोरिता-साननी त्या वह्यांत कधी काही खोडलं नव्हतं. ते विचारतील, कदम-सान, हे काय? मग कळेल की मी मधेच टीव्ही बंद केला होता. आणि केतकीसमोर कळेल. रबर मी परत पेटीत ठेवलं.

मंगळवारी केतकीने अर्धी रजा काढून मला दवाखान्यात नेलं. त्यांच्या नाकात नळी होती, टीव्ही नाही, पेपर नाही. बोलायचे ते तोंडापाशी कान नेऊन ऐकावं लागे. त्यांनी वही मागितली. एकेका चौकटीवरून बोट फिरवत गेले. आठव्या डावाला हसले — माझ्याकडे बघून, माझ्या शिव्या आठवून. मग बोट शेवटच्या चौकटीवर येऊन थांबलं. बराच वेळ थांबलं. केतकीला काहीतरी विचारलं.

"बाबा, ते विचारतायत, शेवटच्या चेंडूला त्याने बॅट फिरवली होती का, की नुसताच उभा राहिला?"

आता सांगा, याहून मोठं दार कुणी कुणाला उघडून देतं? एवढंच म्हणायचं होतं — मी बघितलं नाही. किंवा खरं ते, त्याहून सोपं, त्याहून गोड — त्याने मारला हो, तुमच्या मुलाने चेंडू पार प्रेक्षकांत मारला.

मी म्हणालो, "फिरवली. जोरात फिरवली."

केतकीने सांगितलं. मोरिता-साननी डोळे मिटून मान हलवली. "योकात्ता," म्हणाले. बरं झालं. म्हणजे लढून गेला. वही त्यांनी उशाशी ठेवून घेतली.

नंतर मी एकदा गेलो होतो. ते झोपलेले होते, मी उठवलं नाही. पुढच्या आठवड्यात ते गेले.

इथे शवपेटीत माणसाच्या आवडीच्या वस्तू ठेवतात आणि त्याच्याबरोबर जाळतात. त्यांच्या मुलीने निळी टोपी ठेवली, फुलं ठेवली. लोखंड ठेवायचं नसतं म्हणून वहीच्या पिना तिने स्वतः एकेक करून काढल्या होत्या. पानं सुटी झाली होती, तिने ती पांढऱ्या दोऱ्याने बांधून आणलेली. दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरली आणि काहीतरी म्हणाली. केतकी माझ्याकडे वळली. "बाबा, त्या म्हणतायत, शेवटचं पान तुम्ही लिहिलंत, तर तुमच्याच हाताने ठेवा. वडिलांचा तुमच्यावर फार विश्वास होता."

रविवारचं पान सगळ्यात वर होतं. माझा ‘के’ दोऱ्याखालून दिसत होता. तिथे वीस-पंचवीस माणसं असतील. तेव्हासुद्धा मी बोललो असतो तर मुलगी थांबली असती. लाल पेन्सिल माझ्या कोटाच्या खिशात होती. का घेऊन गेलो होतो ती?

मी वही त्यांच्या हाताजवळ पालथी ठेवली, पानाचं तोंड खाली करून. केतकीला वाटलं, आपल्याकडची काही रीत असेल.

मग झाकण लावलं.

एकोणसाठ नंबरने त्या दिवशी होमरन मारला होता. मोरिता-सानना ते ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं.