काठावरचं आठ मीटर पाणी

घोटीजवळच्या धरणात किती पाणी उरलंय, ते मी उपग्रहाच्या छायाचित्रांवरून संगणकाला मोजायला लावलं होतं. पाणी जितकं काळं दिसेल तितकं खोल, असं मी त्याला पांढऱ्या तळाच्या तलावांवर शिकवलं होतं. त्याने काढलेल्या खोलीच्या नकाशात काठाशीही आठ मीटर पाणी दिसलं. त्या भरवशावर पाटबंधारे खात्यातले माझे साहेब मला आणि पोलिसांना घेऊन, शहरासाठी पाणी सोडायला धरणावर आले. उरलंसुरलं पाणी गेलं तर मासळी मरणार, म्हणून मासेमारांनी वाट अडवली. साहेबांनी माझ्याकडे बोट दाखवून त्यांना नकाशातले आठ मीटर सांगितले.

"लय खोल हाय ना? मग उतर की," म्हणत एका बाईने माझी कॉलर धरून मला पाण्यात ढकललं. पाणी जेमतेम गुडघाभर होतं, खाली सगळा काळा गाळ.

"एका जागेवरून काय ठरतं?" साहेब म्हणाले. बाईच्या भावाने त्यांच्या खांद्यावर वल्हं हाणलं. पोलिसांनी त्याला पाडून लाठ्यांनी झोडपलं. बाई मध्ये पडली, तर तिचंही डोकं फोडलं. हे सगळं माझ्या आकड्यामुळे चाललं होतं.

"नकाशा बरोबर आहे म्हणून सांगा यांना," साहेब कण्हत मला म्हणाले.

मी वर आलो आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "नकाशा चुकलाय. मीच चुकवलाय. दरवाजे उघडू नका."

पुढची लाठी माझ्या पाठीत बसली. दरवाजे त्या दिवशी उघडले नाहीत.