वाळूतलं उधाण

माझ्या डायरीत १४ फेब्रुवारी २०१४, शुक्रवार, या पानावर पहिलं वाक्य आहे: 'स्वयंपाकी आपल्याकडचा निघाला.'

ह्यांच्या निवृत्तीनंतर आम्ही दोघं जैसलमेरच्या पलीकडे, वाळवंटातल्या एका तंबूंच्या मुक्कामी चार दिवस राहायला गेलो होतो. तिथे वीज नव्हती, फोन लागत नव्हता. पाणी रांजणातलं, उजेड कंदिलाचा. आल्या आल्या मालक घड्याळंसुद्धा एका पेटीत ठेवून घेई. पहिला दिवस मला हात रिकामे रिकामे वाटले. दुसऱ्या दिवशी दुपारभर आम्ही नुसते सावलीत बसून बोललो. लग्नाला चाळीस वर्षं होत आली होती, तरी ह्यांना लहानपणी सशाची भीती वाटायची हे मला तिथे पहिल्यांदा कळलं.

स्वयंपाकी काळूराम, पन्नाशीचा, अबोल. भाकरी वाढताना मी पुरे म्हटलं तेव्हा तो "नाय, अजून एक घ्या" म्हणाला, आणि ते 'नाय' ऐकून हे हसले. ह्यांची तीस वर्षं नोकरी उरणच्या गॅस प्रकल्पात झालेली. काळूराम उरणजवळच्याच खाडीकाठचा कोळी निघाला.

त्या शुक्रवारी पौर्णिमा होती. जेवणं झाल्यावर काळूराम सगळ्यांच्या गाद्या आणि पिठाचे डबे वाळूच्या उंच टेकडीवर नेऊन ठेवू लागला. ही इथली रीत, वरून चांदणं बघायचं, असं मालक कौतुकाने सांगत होता. पाहुणे खूश. ह्यांना मात्र प्रश्न पडला की पिठाचे डबे कसलं चांदणं बघणार. पौर्णिमेच्या मोठ्या भरतीला खाडीकाठची माणसं सामान उंचावर नेतात, हे ह्यांनी उरणला पाहिलेलं. काळूराम खाली आला तेव्हा ह्यांनी हळूच विचारलं, "उधाणाला भितोस का रे?"

तो वाळूतच बसला. मग बोलला. भाऊ काशिराम आणि तो, दोघांची मिळून एक होडी. एका पौर्णिमेला भाऊ तापाने पडला होता, म्हणून होडी वर ओढून बांधायचं काम काळूरामवर होतं. तो पनवेलला एका हळदीला गेला आणि विसरला. उधाणाने होडी दगडांवर आपटून फोडली. काशिराम त्यावर एक शब्दही बोलला नाही. ते न बोलणं सोसेना, म्हणून काळूराम जिथे समुद्र नाही तिथे येऊन राहिला. त्याला नऊ वर्षं झाली होती.

"हतं पानी येनार नाय, म्हाईत हाय मला, सायेब," तो म्हणाला. "पन पुनव आली की हात आयकत नाय."

घरी जावंसं वाटत नाही का, असं मी विचारलं. वाटत होतं. दादा दारात उभं करेल का, एवढंच त्याला कळत नव्हतं.

परत आल्यावर तिसऱ्या दिवशी आम्ही काशिरामकडे गेलो. तो ओट्यावर जाळं शिवत बसला होता. ह्यांनी गाद्यांची आणि डब्यांची गोष्ट सांगितली, तसा त्याचा हात थांबला. तो हसायला लागला, आणि हसता हसता डोळे पुसू लागला.

"रेतीत आठवन ऱ्हाते त्याला. हकडं नाय ऱ्हायली," तो म्हणाला. मग जाळ्याकडे बघत म्हणाला, "लिवा त्याला. नवी होडी हाय. वर खेचायला दोन मानसं लागतात. मी कवापासून शेजाऱ्याला हाका मारतो."

ह्यांनी तेच शब्द पोस्टकार्डावर लिहिले, एकही न बदलता. एप्रिलमध्ये काळूराम घरी आला.

हे गेले त्याला आता चार वर्षं झाली. काळूराम पनवेलच्या बाजारात आला की माझ्याकडे डोकावतो. मागे मालकाचं पत्र आलं होतं. पौर्णिमेला गाद्या अजून वर नेतात, डब्यांसकट. खरं कारण त्यांना कळवू नका, असं काळूरामने मला बजावलं आहे.

काल तो आला होता. बोलता बोलता त्याची नजर भिंतीवरच्या कॅलेंडरवर गेली आणि तो उठलाच. दादा वाट बघत असेल म्हणाला. डायरीत मी लिहिलं: 'पौर्णिमा. काळूराम आला. चहा अर्धा टाकून गेला.'