धुतलेले पाय

बाबांचा पाय सुजायला लागला तेव्हा मी अहेरीच्या कॉलेजात पहिल्या वर्षाला होते. तोवर आमचं घर त्यांच्या दोन पायांवर चालत होतं. पावसाळ्यात थोडं धान, हिवाळ्यात बांबूतोड, उन्हाळ्यात आधी मोहफूल आणि मग तेंदूपत्ता. यातलं कुठलंच काम बसून होत नाही. बसून करायचं काम आमच्या गावात एकच होतं, पंचायतीत सह्या करायचं, आणि बाबांना सही येत नव्हती.

तोडलेल्या बांबूचा खुंट त्यांच्या तळपायात घुसला होता. त्यांनी तो ओढून काढला, वरून तोंडातला तंबाखू-सुपारीचा खर्रा थुंकला आणि कामाला लागले. जखम भरली. पुढे खूप दिवसांनी तिथे गाठ आली. गाठ दुखत नव्हती, हाच घात झाला. दुखणारी गोष्ट आमच्याकडेही माणूस दाखवायला नेतो. मी सुट्टीत घरी आले की म्हणायचे, दवाखान्यात चला. ते म्हणायचे, "दुखतच नाई त दाखवू काय डॉक्टरले?"

मग गाठीला भोकं पडली. त्यांतून पू यायचा आणि पुवात काळे दाणे, कुटलेल्या मिऱ्यासारखे. गावातले म्हणाले, जंगलाची माती आत गेली होती ती बाहेर येऊन राह्यली, येऊ द्या. माय रोज संध्याकाळी कडुलिंबाच्या गरम पाण्यानं पाय धुवायची, एकेक भोक दाबून दाणे काढायची आणि घरामागे खड्डा करून पुरायची. एवढं करूनही पाय वाढतच गेला. आधी चप्पल जाईना, मग पाऊल टाकवेना. त्या उन्हाळ्यात मोहफूल मायनं एकटीनं वेचलं. घरात भात कमी आणि आंबील जास्त झाली. मी कॉलेज सोडते म्हटलं, तर बाबांनी माझ्याशी बोलणंच टाकलं. गावातून कॉलेजात गेलेली मी पहिली होते, आणि ते त्यांना माझ्याइतकंच माहीत होतं.

शेवटी चंद्रपूरच्या मोठ्या दवाखान्यात जायचं ठरलं. आमच्याकडे दवाखान्यात जाणं म्हणजे सोयऱ्याच्या दारी जाणं. आंघोळ, धुतलेलं धोतर, डोक्याला तेल. जंगलातली माणसं घाणेरडी असतात असं कुणी म्हणू नये, ही मायची जन्माची काळजी. त्या दिवशी ती अंधारातच उठली. नितळ पाणी येईपर्यंत तिनं सगळी भोकं दाबली, हळद भरली आणि स्वतःच्या चांगल्या लुगड्याची पट्टी फाडून बांधली. बसमध्ये कुणी नाक दाबलं नाही याचंच तिला समाधान होतं.

दवाखान्यात मी कागदांच्या रांगेत होते. आत दोघंच गेले. बाहेर आल्यावर मायनं सांगितलं, साहेबानं विचारलं, यातून काही दाणेबिणे निघतात काय? "आमी म्हटलं, काईच नाई साहेब. साफ आहे." हे सांगताना तिचा चेहरा परीक्षेत पास झाल्यासारखा होता. मलाही त्या प्रश्नाचा अर्थ कळला नाही. तेव्हा मी विज्ञानाची पुस्तकं वाचत होते, पण हा रोग त्यांत कुठे नव्हता.

डॉक्टरांना दाणे दिसलेच नाहीत. त्यांनी हाडाचा दुसरा रोग धरून गोळ्या दिल्या. बाबांनी त्या एकही न चुकवता खाल्ल्या. आतला रोग हाड खात राहिला. पुन्हा गेलो तेव्हा पाय घोट्याच्या वरून काढावा लागला. त्यानंतर त्याच डॉक्टरांनी मला बाजूला बोलावलं, कापलेल्या भागातले काळे दाणे दाखवले आणि म्हणाले, ही बुरशी आहे, मातीत राहते, काट्याबरोबर आत जाते. "हे आधी दिसले असते तर," एवढं म्हणून ते थांबले. मी मायला त्यातलं निम्मंच सांगितलं. निम्म्यावरूनच तिला सगळं समजलं.

भाकरीवर येते तसली बुरशी माणसातही राहू शकते हे मला त्या दिवशी कळलं. पुढे नागपुरात एम.एस्सी. केलं आणि एका प्रयोगशाळेत ह्याच बुरशीच्या कामाला लागले. कुणी मेहेरबानी केली नाही, मुलाखत देऊन लागले. काम समजायला सोपं आहे. हा रोग अनवाणी माणसांचा, म्हणून त्यासाठी नवं औषध काढायला कोणी पैसा लावत नाही. मग दुसऱ्या आजारांसाठी बनलेली जुनी औषधं घ्यायची आणि या बुरशीवर लावून बघायची. अडचण दाण्याची. बुरशी मोकळी असली तर बरीच औषधं तिला मारतात. पण दाणा म्हणजे तिचं घर, भिंती काळ्या आणि टणक. आत ती सुखरूप बसते. म्हणून खऱ्या रोग्याचे ताजे दाणे लागतात, आणि आमच्या जंगलाकडच्या रोग्यांचे दाणे प्रयोगशाळेत नव्हते. बाबांच्या पायात ते मूठभर होते. मायनं घरामागे पुरले ते वेगळे.

बाईंनी, म्हणजे आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुखांनी, मला माझ्याच भागात पाठवलं. अहेरीच्या बाजूला आम्ही शिबिर लावलं. लोक आले, आणि सगळे पाय धुऊन आले. चकचकीत पाय, ताजी हळद, स्वच्छ पट्ट्या. एका म्हाताऱ्याला मी म्हटलं, भाऊ, पुढच्या वेळी न धुता या. तो म्हणाला, "काऊन? तुह्या बापाले असाच नेला होता काय घाणीतला?" लोक हसले. मी त्याची पट्टी सोडायला घेतली. बापाला धुऊनच नेला होता.

पुढच्या शिबिराला मी मायला सोबत घेतलं. ती यायला तयार नव्हती. आली, आणि बायकांमध्ये जाऊन बसली. बराच वेळ धानाच्या आणि पावसाच्या गोष्टी चालल्या. मग ती म्हणाली, "पाय धुवू नोका बाई. मी धुतला. माह्या हातानं धुतला म्हणून त्याचा गेला." मी पट्ट्या गुंडाळण्याचं काम करत राहिले. इतक्या वर्षांत घरात हे वाक्य कुणी उच्चारलं नव्हतं.

नंतरच्या खेपेला बांबू तोडणारी एक बाई आली. पदर तोंडावर ओढलेला, पायाला जुनी वाळलेली पट्टी तशीच. लाजेनं ती माझ्याकडे बघत नव्हती. पट्टी सोडली, तर काळे दाणे होते. मी तिला मावशी म्हटलं आणि दाणे बाटलीत घेतले. तिचा रोग वेळेत ओळखला गेला, आज जी औषधं आहेत ती सुरू झाली. ती महाग आहेत, फार दिवस घ्यावी लागतात, आणि सगळ्यांना लागू पडतात असं नाही. तिला पडली. तिचा पाय वाचला.

बाबा आता कुबडीवर अंगणात फिरतात. गेल्या दिवाळीला मी कामाबद्दल सांगत होते, तर ते म्हणाले, "माहा पाय ठेवला असता त तुले किती दिवस पुरला असता ना." माय उठून आत गेली. ते तिला दुखवायला बोलले नव्हते. घरामागची ती जागा तिनं अजून पेरलेली नाही. मी तिला सांगितलं की मातीत आता काही उरलं नसेल. ती हो म्हणते आणि तिथे काही लावत नाही.

झालं ते इतकंच. त्या बांबू तोडणाऱ्या बाईच्या दाण्यांतून आमच्या जंगलातली बुरशी प्रयोगशाळेत वाढली, आणि एका जुन्या औषधानं ती दाण्याच्या आतसुद्धा मेली. काचेच्या बशीत मेली. माणसाला ते औषध अजून दिलेलं नाही.