भिंतीतली सवाष्ण

खरं तर ही फजिती कुणाला सांगू नये. पण आमच्या रेवानं, वय वर्षं बारा, ती अर्ध्या सिंगापूरला सांगून टाकली आहे. तेव्हा म्हटलं, उरलेल्या अर्ध्यांनी माझ्याच तोंडून ऐकावी. चहा घ्या, गार होतोय.

तर माझे लक्ष्मीचे शुक्रवार पूर्ण झाले होते. उद्यापनाला पाच सवाष्णी जेवायला हव्यात. पुण्यात जिन्यात उभं राहून हाक मारली असती तर सात आल्या असत्या! इथे बुओना व्हिस्टाच्या काँडोत शेजारीण भेटते ती लिफ्टमध्ये, तीही कानांत हेडफोन खुपसून. तरी बुकित पंजांगपासून वुडलँड्सपर्यंत फोन करकरून पाच जमवल्या.

बुधवारी रेवाला घेऊन प्रदर्शनाला गेले, तर दारातच वुडलँड्सच्या वैशालीचा फोन. "काकू, सॉरी हो! शुक्रवारी ऑफिसनं टोकियोला पाठवलंय."

झालं! उरल्या चार. आता दोन दिवसांत पाचवी कुठून आणू?

प्रदर्शन इटलीतल्या एका सरदार घराण्याच्या व्हिलाचं होतं. आतली दालनं चित्रांसकट जशीच्या तशी उभारलेली. रेवा शाळेच्या प्रोजेक्टसाठी पाट्या वाचून मला सांगत होती. घराणं मूळचं व्हेनिसचं, समुद्रावरच्या व्यापारात गब्बर झालेलं. पुढे जमिनी घेतल्या, शेतांच्या मधोमध हा व्हिला बांधला आणि चित्रकाराला बजावलं, आलेला पाहुणा फसलाच पाहिजे.

"आई, लिसन ना! खांब रंगवलेत, सज्जा रंगवलाय, दारंसुद्धा…"

"हो गं, छान आहेत," मी म्हटलं. माझं लक्ष होतं कुठे?

आणि दिसली! समोरचं दार अर्धवट उघडून एक बाई उभी होती. निळं रेशीम, गळाभर मोती, बोटात अंगठी. म्हणजे सवाष्णच की! चेहरा इतका प्रसन्न, जणू माझीच वाट पाहत होती. चष्मा माझ्या पर्समध्ये होता. चारचौघांत लावला की वय दिसतं हो.

"मॅडम, फ्रायडे लंच, माय हाउस. प्लीज कम," मी म्हटलं.

ती नुसती हसली. म्हटलं, इटलीची आहे, इंग्रजी कळत नसेल. मग आवाज चढवून, हातानं घास भरवायची खूण करून सांगितलं. तरी हसतेच आहे! किती लाजावं माणसानं? मी पर्समधला करंडा काढला, बोटावर कुंकू घेतलं आणि पुढे झाले.

"आई!" रेवानं माझं मनगट धरलं. "इट्स अ वॉल, लाह!"

मागे उभा असलेला शाळकरी मुलांचा अख्खा वर्ग टाळ्या वाजवत होता.

पण मी काय इतक्यावर थांबणार? पुढच्या दालनात दाराशी आणखी एक निळी बाई उभी. म्हटलं, आता नाही हं फसायची! अगदी जवळ गेले. "रेवा, काय कलाकार असतील गं! ओठावरचा घामसुद्धा रंगवलाय." आणि मी तिच्या नाकाला बोट लावलं.

"येस, आंटी?" नाक म्हणालं.

ती तिथली मदतनीस निघाली, त्या काळचा पोशाख घालून उभी केलेली. नाव ग्रेस. तिच्या नाकावर माझं कुंकू! मी सतरांदा सॉरी म्हटलं. रेवानं तिला हसत हसत सगळं सांगितलं, लग्न झालेली पाचवी बाई जेवायला हवी इथपासून भिंतीला दिलेल्या आमंत्रणापर्यंत.

ग्रेसनं नाक पुसलं. "लंच गॉट व्हॉट, आंटी?"

"पुरणपोळी."

"आय मॅरीड वन, आंटी. कॅन कम!" म्हणजे लग्न झालेलं आहे, येते म्हणाली.

देवीला काळजी असतेच, मी म्हणते ते उगाच नाही. शुक्रवारी ग्रेस खरंच आली, पाटावर नीट मांडी घालून बसली. मी करंडा उघडला, कुंकवाचं बोट पुढे केलं, तर तिनं दोन्ही हातांनी नाक झाकलं.

"आंटी, फर्स्ट चष्मा!"

हा एवढा मराठी शब्द तिला रेवानं शिकवला होता.

चार सवाष्णींसमोर मी मुकाट्यानं चष्मा लावला.