ऊन पिणारी गाडी

समोरच्या सुधीररावांची विजेवरची गाडी दिवसभर दारात उभी असते. गच्चीवरच्या सोलर पॅनेलची वीज पीत सुस्तावलेली. रात्री चार्ज करा म्हटलं, तर ते म्हणतात, "रात्रीची वीज कोळशाची. ती आम्हाला चालत नाही." उपासाला कांदा चालत नाही, तसं. मग दिवसा गाडी घरी ठेवून हे गृहस्थ ऑफिसला जातात कसे? माझ्या पेट्रोलच्या गाडीतून, रोज सकाळी साडेनवाला.

वाटेत ते हवेबद्दल बोलतात, नातवंडांच्या फुप्फुसांबद्दल बोलतात. मी गिअर बदलत राहते. काही माणसांचं सोवळं असंच असतं. त्यांचे हात स्वच्छ राहावेत म्हणून खरकटं दुसऱ्या कुणीतरी काढायचं आणि वर त्यांच्याकडून स्वच्छतेचे धडेही ऐकायचे.

काल सिग्नलला त्यांनी नाकाला रुमाल लावला. म्हणाले, "ताई, तुमची गाडी फार धूर सोडते हो. काहीतरी करा."

आज सकाळी ते डबा घेऊन फाटकाशी उभे होते. त्यांच्या अंगावर धूर जाऊ नये म्हणून मी गाडी थांबवलीच नाही. आरशात बराच वेळ ते दिसत राहिले, आणि त्यांच्यामागे निवांत ऊन पीत उभी असलेली त्यांची गाडी.